हिरव्या गाडीचा मान

रत्नागिरीत छोट्या मोटारी जमवणारे आम्ही दहा-बारा जण आहोत. खऱ्या मोटारीच्या बरहुकूम केलेल्या, तळहातावर मावणाऱ्या, धातूच्या. लोक त्यांना खेळणी म्हणतात, आम्ही दर वेळी ‘मॉडेल’ अशी दुरुस्ती करतो, आणि लोक ‘तेच ते’ म्हणतात. गटात बाई मी एकटीच. दुकानात नवी गाडी हातात घेऊन चाकं फिरवून बघायला लागले की दुकानदार हमखास विचारतो, “नातवासाठी का?” पूर्वी “मुलासाठी का?” असं विचारायचा. मी ग्रंथालयात नोकरी करते, पन्नाशी ओलांडलेली आहे आणि गाडी मला स्वतःला हवी असते, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यात कधी शिरणार नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी मे महिन्यात गटातल्या डॉक्टरांनी मोबाइलवर फर्मान काढलं. आमचे डॉक्टर दातांचे. फर्मान असं की प्रत्येकानं आपल्याजवळची सर्वांत जुनी, अजून शाबूत असलेली गाडी दाखवायची. एक फोटो आणि तिच्याबद्दल दोन ओळी.

दोन ओळींत कोण भागवतो! आंब्याचा हंगाम ऐन भरात, तरी आमचे बागायतदार पेट्या भरायच्या सोडून लिहीत बसले. त्यांचा लाल बंब, वरची शिडी नसलेला. ती शिडी लहानपणी कोंबडीनं गिळली असं ते आजतागायत सांगतात, आणि कोंबडी कापल्यावर ती सापडली का असं विचारलं की रागावतात. हर्णैच्या एकानं निळी जीप टाकली. ती त्याच्या वडिलांच्या जाळ्यात जवळा मासळीबरोबर वर आली होती. कुठल्या पोरानं कुठल्या किनाऱ्यावर हरवली असेल देव जाणे. तिची एक बाजू मिठानं खाऊन पांढरी पडली आहे, आणि ती बाजू त्यानं मुद्दाम पुढे ठेवून फोटो काढला होता. खुद्द डॉक्टरांची पांढरी रुग्णवाहिका. लहानपणी दाढ काढताना रडले नाहीत म्हणून मिळालेली. पुढे धंदा कुठला निवडला बघा.

आणि मग दादाचा निरोप आला. माझा थोरला भाऊही या गटात आहे, पण तो लिहितो क्वचितच. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात फिटर आहे, यंत्रांवरची मापकं दुरुस्त करतो, खेडला राहतो. त्यानं लिहिलं, “आमची सगळ्यात जुनी बहिणीकडे आहे. यंदा मान तिचा. ती टाकेल.”

मान म्हणजे काय, हे गटानं विचारलं, आणि मला ते सगळं सांगत बसावं लागलं.

ही गाडी आमच्या घरात आणली मामानं. मामा बोटीवर होता. कुठल्याशा परक्या बंदरात घेतलेली, गडद हिरवी, पुढची दारं उघडणारी, दिव्यांच्या जागी काचेचे खडे बसवलेली. भाच्यासाठी आणली की भाचीसाठी हे न सांगताच तो परत बोटीवर गेला. झालं, घरात रोज झिंज्या उपटणं सुरू. शेवटी आईनं निवाडा केला. आमच्या गावात शिमग्याच्या पालखीला पहिला खांदा द्यायचा मान दोन घरांचा, एक वर्ष यांचा, एक वर्ष त्यांचा. आई म्हणाली, “देवाच्या पालखीचं भांडण गावानं असं मिटवलंन, तुमची गाडी काय देवाहून मोठी लागून गेली? एक वर्ष त्याचा मान, एक वर्ष तुझा. गणपतीत बदलायची.” बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा तिनं गाडीला दिला आणि आत आपल्या जुन्या लुगड्याचा तुकडा घातला.

तेव्हापासून ते चाललंय. माझ्या लग्नाच्या वर्षी मान माझा होता, म्हणून डबा रुखवताबरोबर सासरी आला, आणि बिस्किटं आहेत असं समजून तो माझ्या चुलतसासूबाईंनी पाहुण्यांसमोर उघडला. नवरा अजून मला त्यावरून चिडवतो. डबा घरी यायचा दिवस जवळ आला की तो म्हणतो, “टेबल आवरा, पालखी येतेय.”

आता जे सांगायचं ते जरा अवघड आहे. आई गेल्यावर दादानं गावचं घर विकलं. तिथं राहणारं कुणी नव्हतं हे खरं. छपराला वाळवी लागली होती हेही खरं. पण तो सगळं ठरवून आला आणि मग मला सांगितलं. मी सही केली. त्या दिवशी मी एक अक्षर बोलले नाही, आणि माझं न बोलणं म्हणजे काय असतं ते त्याला चांगलं ठाऊक आहे. त्यानंतर आमची भाऊबीज फोनवर उरकायला लागली. त्याची पाळीची ड्यूटी, माझी नोकरी, ही कारणं पूर्वीही होती, पण पूर्वी ती आड येत नसत. राखी मी पोस्टानं पाठवते. गाडी मात्र पोस्टानं जात नाही, आईचा नियमच तसा होता, ज्याचा मान संपला त्यानं ती स्वतः नेऊन हातात द्यायची. म्हणून वर्षातून एकदा मी खेडला जाते किंवा तो रत्नागिरीला येतो. आमच्यात उरलेलं जाणं-येणं तेवढंच. ती गाडी नसती तर आम्ही दोघं एकमेकांना लग्नाकार्यात भेटलो असतो आणि तब्येतीची चौकशी करून वेगवेगळ्या पंगतीला बसलो असतो. मला याची भीती वाटते, आणि ती मी नवऱ्यालाही कधी बोलून दाखवली नव्हती.

तर फोटो काढायला मी डबा उघडला. आमच्याकडची हवा खारी, ओली. धातूच्या गाड्यांना ती सोसत नाही. म्हणून तांदळाची पुरचुंडी घालून डबा बंद ठेवायचा आणि वर्षातून दोनदाच उघडायचा, येताना आणि जाताना, असं मी करते. गणपतीत दादानं दिला तेव्हा समईच्या उजेडात एकदा पाहून मिटला होता. आता खिडकीत भर दुपारचं ऊन होतं. गाडी लुगड्यावरून उचलली, उजवी बाजू पुढे करून ठेवली, कारण आमच्या गटात फोटो नेहमी उजव्या अंगानंच काढतात, आणि हात थांबला.

उजव्या बाजूला, मागच्या खिडकीशेजारी जिथं टप खाली उतरतो, तिथं करंगळीच्या नखाएवढा एक डाग होता. बाकीची गाडी इतक्या वर्षांत रंग उतरून फिकी, सुकलेल्या पानासारखी झालेली. हा डाग मात्र करकरीत गडद हिरवा. बोट फिरवलं तर गुळगुळीत लागला. कुणीतरी तिथं रंगाऱ्याची लांबी भरली होती, घासली होती आणि वर रंग दिला होता.

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो. दादानं गाडी पाडली, डागडुजी केली आणि मूग गिळून बसला! घराचं असंच केलं, गाडीचंही असंच. मी तिथंच त्याला लांबलचक निरोप लिहायला घेतला. त्यात ‘तुझ्या लेखी मी कोण आहे’ असं एक वाक्य होतं. नवरा आमरस करत होता, त्यानं रवी हातातच ठेवून ते वाचलं आणि म्हणाला, “आधी डॉक्टरांना दाखव. अपघात झाला की पंचनामा आधी, फाशी मग.”

डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळचे पेशंट यायचे होते. त्यांनी गाडी खुर्चीच्या ताटलीत ठेवली, वरचा दिवा ओढला आणि विचारलं, “काय होतंय हिला? थंड लागल्यावर कळ येते का?” मला हसायला आलं नाही. मग त्यांनी डोळ्यांवर भिंगाचा चष्मा चढवला, दात बघायचा तो छोटा आरसा उघड्या दारातून गाडीच्या आत घातला आणि टपाखालून हळूहळू फिरवला.

“पडलेली नाही ही,” ते म्हणाले.

“मग डाग कसला?”

“पडली असती तर पोचा आला असता, टवका उडाला असता. इथं चीर आहे, आणि ती आतून बाहेर आलेली आहे. धातूच किडलाय. जुन्या काळी ओतताना धातूत कसली तरी भेसळ राहिली की वर्षांनंतर तो आतल्या आत फुगतो आणि चिरत जातो. हिच्या टपाला अजून दोन ठिकाणी केसाएवढ्या चिरा आहेत, इकडे, हे बघा.”

“यावर उपाय?”

“दाढ असती तर काढून दुसरी बसवली असती.” मग माझा चेहरा बघून त्यांनी चष्मा वर सरकवला. “उपाय नाही. कुणाची चूकही नाही. आज ना उद्या हा टप जाणार.”

त्यांनी आरसा माझ्या हातात दिला. मला आत काय दिसलं ते सांगते. मागच्या बाकाच्या पाठीला लागून, बाहेरून मुळीच दिसणार नाही अशा बेतानं, तांब्याच्या बारीक तारेची एक कमान बसवलेली होती. टपाला खालून टेकू. तारेची टोकं इतकी नीट वळवलेली होती की ती कुणाच्या हातची हे मला विचारावं लागलं नाही. आयुष्यभर मापकांच्या आतल्या काट्यांशी खेळणारा माणूस तो.

“आणि रंग असा कसा चुकवलान त्यानं?” मी म्हटलं. “आंधळ्यालाही दिसेल.”

डॉक्टर हसले. “चुकवला कुठे? आपल्या नियमानं अगदी बरोबर केलंय. तळाचे रिव्हेट काढले, तळ सोडवला आणि आतल्या कडेचा, ऊन न लागलेला रंग बघून जुळवला. जुनी गाडी अख्खी रंगवायची तर आपण सगळे असंच करतो. ठिगळ लावायचं तर मात्र वरचा उतरलेला रंग घ्यायला हवा होता. दुसऱ्या कुणी, या छंदातलं काही न कळणाऱ्यानं केलं असतं, तर वरून बघून रंग मिसळला असता आणि तुम्हाला जन्मात कळलं नसतं.”

घरी चालत आले. वाटेत मला रडू आलं, ते मी मासळीवाल्या बाईच्या टोपलीपाशी उगाच थांबून आणि बोंबील महाग आहेत असं म्हणून लपवलं. त्याच्याकडे गाडी असताना त्याला ती चीर दिसली होती. मला तो सांगू शकला असता, ‘बाय, धातू किडलाय, माझा दोष नाही.’ फिटरला धातूचं काय कळत नाही? पण त्यानं ते सांगितलं नाही, कारण गाडी संपत आली आहे हे त्याला मला सांगायचं नव्हतं. मला ज्या गोष्टीची भीती वाटते, तिचीच त्यालाही वाटते, आणि आम्ही दोघं ती आपापल्या घरात झाकून बसलो होतो.

फोटो मी डाव्या अंगानं काढला. डाव्या अंगाला गाडी अजून फार देखणी दिसते. गटात टाकला, मामाबद्दल दोन ओळी लिहिल्या. बागायतदारांनी लगेच विचारलं, उजवी बाजू का नाही? मी लिहिलं, उजवीकडे उजेड बरा नव्हता. यावर कुणाचा विश्वास बसला नसणार, आमच्या गटात सगळे तरबेज आहेत. दादानं फक्त ‘छान’ लिहिलं. मग थोड्या वेळानं गटाबाहेर, एकटीला, त्याचा निरोप आला, “बाय, तुमच्याकडे पाऊस कसा आहे?” मे महिन्याच्या मध्यावर! मी लिहिलं, “अजून नाही. तुमच्याकडे?” त्यानं लिहिलं, “नाही.” इतकं बोलणं आमच्यात कैक महिन्यांनी झालं होतं.

गणपतीत माझा मान संपला. आमचा गणपती गौरीबरोबर जाणारा, त्याचा दीड दिवसाचा, म्हणून अदलाबदल नेहमी मधल्या दिवसात होते. नवऱ्यावर आरत्या सोपवून मी सकाळच्या गाडीनं निघाले. डबा मांडीवर होता. महामार्गावरच्या प्रत्येक खड्ड्याला मी तो दोन्ही हातांनी उचलून धरत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, “देव आहेत का आत?” मी म्हटलं, “तसंच समजा.”

दादा रात्रपाळी करून आला होता, डोळे तांबारलेले, पण अंघोळ करून बसला होता. वहिनींनी पाटावर दिवा लावला, मी डबा त्याच्या हातात दिला आणि आईनं शिकवलेलं वाक्य म्हटलं, “यंदा मान तुझा.” एरवी तो डबा उघडून बघतो आणि मिटतो. त्या दिवशी त्यानं तो उघडलाच नाही, तसाच धरून बसला.

“डाव्या बाजूनं काढलास फोटो,” तो म्हणाला.

“उजव्या बाजूचा रंग खालून जुळवलास.”

“खालूनच जुळवायचा असतो गो.”

“ठिगळाला नाही. ठिगळाला वरचा घ्यायचा.”

त्यानं कपाळाला हात लावला. मग इतका हसला की वहिनी आतून बघायला आल्या. “खरंच की,” तो म्हणाला. “इतकी वर्षं हे करतोय आणि असा कसा विसरलो.”

जे मला बोलायचं नव्हतं ते मी हसता हसता बोलले. “दादा, तुला एकट्यानं निस्तरायची खोडच आहे. गाडीचं तसंच, घराचं तसंच. वाळवी लागली, गिऱ्हाईक आलं, सगळं तू बघितलंस, आणि मी फक्त सही केली.”

“तुला त्रास नको म्हटलं.”

“मला हवा होता त्रास. माझंही घर होतं ते.”

वहिनी तिथंच उभ्या होत्या. तांब्यातलं पाणी त्यांनी दादापुढे न ठेवता माझ्यापुढे ठेवलं. दादा डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिला. मग म्हणाला, “चुकलं बाय.” आमच्या घरातल्या पुरुषाच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. मी मोदक वाढून घेतला.

परत निघताना त्यानं स्टँडवर सोडलं. गाडी सुटायच्या आधी खिडकीशी येऊन म्हणाला, “पुढल्या गणपतीपर्यंत टिकेलसं वाटत नाही हां.” मी म्हटलं, “बघू.”

नाही टिकली. पुढच्या पावसाळ्यात, आषाढात, त्याचा फोन आला. “बाय, गाडी गेली.” तांदूळ बदलायला म्हणून डबा उघडला आणि टप त्याच्या बोटांत भुगा होऊन आला. तारेची कमान तेवढी उभी होती. बाकीचे तुकडे डब्यातच आहेत, म्हणाला. मी विचारलं, “खडे?” तो म्हणाला, “खडे आहेत दोन्ही.” मग आम्ही दोघंही तसेच फोन धरून बसलो. गटात मी तेवढं कळवलं. हर्णैवाल्यानं लिहिलं की माझी जीप आता सगळ्यांत जुनी का? डॉक्टरांनी त्याला गप्प बसवलं.

त्यानंतर गणपती जवळ यायला लागले तशी मी अस्वस्थ झाले. मान माझा होता, म्हणजे यायचं होतं त्यानं. पण आणायचं काय? भुगा? आणि भुगा आणायला म्हणून कोण खेडहून रत्नागिरीला येईल? नवरा म्हणाला, “फोन करून विचार की.” मी म्हटलं, “का म्हणून? यायचं त्यानं आहे.” तो म्हणाला, “भावाची बहीण खरी.” मी मखराच्या झिरमिळ्या तीनदा लावल्या आणि तीनदा काढल्या. टेबल मात्र नवऱ्यानं न सांगता आवरून ठेवलं होतं, आणि या वेळी पालखीवरून चिडवलं नाही. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

मधल्या दिवशी दुपारी फाटक वाजलं. पुढे दादा, मागे वहिनी. त्याच्या एका हातात काकड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात वहिनींची पिशवी, काखेत छत्री. आत आला, देवाला हात जोडले, खुर्चीवर बसला आणि तोंडाला कुलूप असलेला माझा हा भाऊ बोलायला लागला ते थांबेचना. कंपनीच्या बसचा नवा ड्रायव्हर कसा आहे, शेजारच्यांचा मुलगा कुणाशी लग्न करून आला, गावचं आमचं घर ज्यानं घेतलं त्यानं फणस ठेवलाय, तोडला नाही. हे शेवटचं त्यानं माझ्याकडे बघून सांगितलं. वहिनी गौरीची भाजी निवडायला बसल्या. दोन वेळा चहा झाला.

संध्याकाळच्या आरतीच्या आधी तो एकदम उठला, पिशवीत हात घातला, मग दुसऱ्या पिशवीत घातला, मग खिसे चाचपले. टेबलाकडे बघितलं. टेबल मोकळंच होतं.

“डबा घरीच राहिला,” तो म्हणाला.

“अहो, कमाल झाली तुमची,” वहिनी म्हणाल्या. “ज्याच्यासाठी यायचं तेच विसरलात?”

तो शरमून उभा राहिला. गणपतीत डबा विसरणं म्हणजे आमच्या लेखी पालखीशिवाय शिमगा. “पुढल्या रविवारी आणून देतो,” तो म्हणाला. मी म्हटलं, “बरं.” नवऱ्यानं माझ्या हातात टाळ दिले आणि सुखकर्ता सुरू केली.

पुढच्या रविवारी तो आला. एकटाच, दुपारच्या जेवणाच्या वेळेला. डबा आणला नव्हता, आणि मीही विचारला नाही.